सांताक्रूझची अदृश्य तटबंदी : विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या जमिनीचा इतिहास

१/
विलेपार्ले, सांताक्रूझ किंवा कुर्ल्याच्या काही गल्ल्यांमध्ये एक विसंगती सहज नजरेस येते. देशातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी ही जमीन. तरीही तिच्यावरील इमारती चार-पाच मजल्यांवर येऊन थांबलेल्या. प्लास्टर सुटलेले, खांबांतील सळया बाहेर डोकावणाऱ्या, गच्चीवर ताडपत्री घातलेली. तिथून काही किलोमीटरवर मात्र तीस-चाळीस मजली मनोरे उभे आहेत. या इमारती एका रेषेखाली थांबल्या आहेत. ती रेषा जमिनीवर कुठेही आखलेली नाही, ती हवेत आहे. तिचा उगम विमानतळाच्या धावपट्टीत आहे, आणि ती आखली गेली तेव्हा तिच्याखाली शहर वसून बराच काळ लोटला होता. उशिरा आखलेल्या या रेषेची आणि तिची किंमत मोजणाऱ्यांची ही कथा.

२/
एखाद्या बांधकामाच्या भिंतीबाहेरची जमीनही त्या बांधकामाच्या हुकमतीखाली असणे, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या छातीत धडकी भरली. कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले. त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. पुढच्या दशकांत तटाबाहेरची घरे आणि नारळाची झाडे हटवून मोकळे मैदान राखण्यात आले. कारण सरळ होते : तटावरच्या तोफांसमोर शत्रूला आडोसा मिळता कामा नये. १८०३च्या मोठ्या आगीनंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंद झाली आणि तिथली वस्ती उत्तरेकडे सरकली.

३/
इंग्रजांनी या पट्टीला ‘एस्प्लनेड’ म्हटले. १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, कोटाचा तट पाडला गेला. तोफा गेल्या, तट गेला. पण त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन पुष्कळशी उरली. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज ही त्या एस्प्लनेडचीच शकले होत. आज तिथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना ही जागा तोफांच्या पल्ल्याने राखून दिली, हे क्वचितच ठाऊक असते.
विमानतळालाही अशीच मोकळीक लागते. फरक इतकाच, की तोफेला समोरची जमीन मोकळी हवी असते, तर विमानाला जमिनीवरची हवा.

४/
ही हवा ज्या भूमीवर आहे ती मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी नव्हे, ती साष्टी. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती मराठ्यांकडून. भातशेती, खाजण, ताडामाडाच्या बागा आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली गावठाणे, असा तिचा चेहरा विसाव्या शतकापर्यंत टिकला. सहार, मरोळ, चकाला, कोळेकल्याण, बामणवाडा ही नावे आज रस्त्यांच्या पाट्यांवर दिसतात. ती मुळात ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आगरी, कोळी आणि कुणबी कुटुंबांच्या गावांची व पाड्यांची आहेत. मिठी नदी विहार आणि पवईकडून उतरून याच सखल प्रदेशातून माहीमच्या खाडीला मिळते.

५/
साष्टीत विमान आधी उतरले ते जुहूला. १९२८ मध्ये सुरू झालेला जुहूचा विमानतळ हा देशातील पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून येथेच उतरले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. परंतु जागा अशी सखल, की पावसाळ्यात मैदानात चिखल होई. त्या महिन्यांपुरती टाटांची सेवा पुण्याला हलवावी लागे. विमानतळासाठी जमीन निवडताना केवळ तिचा मोकळेपणा पुरत नाही, पाणी कुठून येते आणि कुठे जाते हेही पाहावे लागते. हा धडा जुहूने पहिल्याच काही वर्षांत दिला होता. त्याचा विसर किती महाग पडला, हे पुढे येईल.

६/
जुहूच्या पूर्वेला, लोहमार्गाच्या पलीकडे, सांताक्रूझचे मोठे उड्डाणक्षेत्र उभे राहिले ते युद्धाच्या गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या येथे होत्या. क्षेत्र सुमारे १,५०० एकर. कुर्ल्याहून अंधेरीकडे जाणारी एक छोटी रेल्वे १९२८ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडली होती. तिचा मार्गही पुढे विमानतळाच्या विस्तारात लुप्त झाला.
धावपट्ट्यांची दिशा ठरवली वाऱ्याने आणि जागा ठरवली युद्धाच्या घाईने. मुंबई शहराची हद्द तेव्हा माहीम-शीवला संपत होती. चार-पाच मैल उत्तरेला असलेल्या या मैदानाभोवती कधी महानगर वसेल, हा प्रश्न लष्कराने विचारण्याचे कारणच नव्हते.

७/
युद्ध संपल्यावर १९४६ पासून हे क्षेत्र नागरी विमान खात्याकडे येऊ लागले. लष्कराच्या जुन्या हँगरांतूनच प्रवाशांची ये-जा सुरू झाली; सांताक्रूझला स्वतंत्र टर्मिनल इमारत मिळाली ती १९५८ मध्ये. याच काळात शहराने उत्तरेकडे दोन मोठी पावले टाकली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढून अंधेरी, कुर्ला, घाटकोपर हे प्रदेश महापालिकेत आले. १९५७ मध्ये ती बोरिवली-दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख होती, १९७१ मध्ये ती सुमारे ६० लाख झाली.
दोन दशकांत शहर दुप्पट झाले. गावाबाहेरचा विमानतळ न हलता शहराच्या मध्यभागी आला.

८/
शेजारी-शेजारी दोन विमानतळ असण्याचा धोका याच काळात दिसला. जुहू आणि सांताक्रूझ यांच्यात अंतर जेमतेम काही किलोमीटर; दोन्हींची एकेक धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेची. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानानेही तीच चूक केली. जुहूची आखूड धावपट्टी त्याला पुरली नाही. ते पुढे घसरत जाऊन मोडले. प्राणहानी झाली नाही, पण धावपट्टीचे टोक आणि वस्ती यांच्यात किती थोडी जागा उरली आहे, हे सर्वांना दिसले.

९/
हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाला लागून असलेल्या एलिझाबेथ या गावावर डिसेंबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या दोन महिन्यांत तीन विमाने कोसळली. लोक रस्त्यावर आले आणि विमानतळ काही काळ बंद करावा लागला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी जेम्स डूलिटल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. विमानतळ आणि त्याचे शेजारी या विषयावरील त्या आयोगाचा अहवाल मे १९५२ मध्ये आला. त्यात एक स्पष्ट शिफारस होती : धावपट्टीच्या टोकापुढे किमान अर्धा मैल लांब आणि १,००० फूट रुंद पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा, त्यापुढेही पंख्यासारख्या पसरलेल्या क्षेत्रात दाट वस्ती होऊ देऊ नये.

१०/
त्याच सुमारास, १९५१ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने विमानतळांचे नियम ठरवणारे ‘परिशिष्ट १४’ स्वीकारले. विमानतळाभोवतीच्या हवेत काही काल्पनिक पृष्ठभाग कल्पायचे आणि कोणतेही बांधकाम त्यांना भेदून वर जाऊ द्यायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व.
म्हणजे १९५० च्या दशकारंभी जगाला दोन गोष्टी कळल्या होत्या : हवा किती मोकळी हवी आणि जमीन किती मोकळी हवी. सांताक्रूझभोवती अजून शेते, गवताळ माळ आणि दलदल शिल्लक होती. जमीन राखून ठेवायची, तर वेळ तीच होती.

११/
हे काल्पनिक पृष्ठभाग समजून घेण्यासाठी शाळेतले गणित पुरते. मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाजवळून एक उतार बाहेरच्या दिशेने चढत जातो : दर १०० मीटरला २ मीटर. टोकापासून एक किलोमीटरवर त्याची उंची होते साधारण २० मीटर. एक मजला तीन मीटरचा धरला, तर सहा मजल्यांवर इमारत संपली. हा पट्टा पुढे जाताना दोन्ही बाजूंना रुंदावत जातो, नरसाळ्यासारखा. म्हणूनच मुंबईत त्याला ‘फनेल झोन’ म्हणतात.
धावपट्टीच्या कडेला दुसरा उतार असतो : सात मीटर बाहेर गेल्यावर एक मीटर वर. शिवाय विमानतळाभोवती सुमारे चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत. त्यापुढे ते हळूहळू वर जाते आणि १५ किलोमीटरपर्यंत साधारण १५० मीटरवर स्थिर राहते.

१२/
आता हे छत उपनगरांवर पसरून पाहावे. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, जवळपास साडेतीन किलोमीटर लांब. तिचे पश्चिम टोक विलेपार्ले-सांताक्रूझकडे, पूर्वेचे कुर्ल्याकडे. पूर्वेकडून उतरणारी विमाने घाटकोपर आणि कुर्ल्यावरून येतात. दुसरी धावपट्टी तिला तिरकी छेदते. तिचे एक टोक अंधेरीकडे, दुसरे कलिना-कुर्ल्याकडे. दोन धावपट्ट्यांची चार टोके, म्हणून नरसाळीही चार. अंधेरी आणि घाटकोपरचा मोठा भाग नरसाळ्यांत किंवा ४५ मीटरच्या छताखाली येतो. मुलुंड १५ किलोमीटरच्या आत आहे, बोरिवली त्याच्या काठावर. इमारतीची उंची मोजताना गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि अँटेनाही धरला जातो.

१३/
भारतात विमानविषयक मूळ कायदा १९३४ चा. विमानतळाभोवतीच्या इमारतींवर आणि झाडांवर मर्यादा घालण्याचा स्पष्ट अधिकार केंद्र सरकारला मिळाला तो १९७२ च्या दुरुस्तीने, ‘कलम ९ क’ जोडून. त्यानुसार विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या परिसरात बांधकामाला मनाई करता येत असे, उंची ठरवून देता येत असे, उभी इमारत उतरवण्याचा आदेशही देता येत असे. त्यामुळे कुणाचे नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद लगतच्या कलमात होती.
परंतु १९७२ म्हणजे ‘परिशिष्ट १४’ नंतरची २१ वर्षे. मुंबईची पहिली विकास योजनाही त्याआधीच, १९६७ मध्ये, मंजूर झाली होती. उपनगरांचे रस्ते, भूखंड आणि सोसायट्या आखून झाल्यावर त्यांच्यावरचे छत कायद्यात उतरले.

१४/
याहून खोल अडचण अधिकारांच्या विभागणीत होती. हवा केंद्राची, जमिनीचा वापर ठरवणार राज्य, इमारतीचा नकाशा मंजूर करणार महापालिका, महसुली अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. एस्प्लनेडच्या काळात तोफ आणि जमीन दोन्ही एकाच सत्तेच्या हाती होत्या. आदेश निघाला की घर हटे. त्यातील जुलूम उघड आहे. लोकशाहीत तसे होऊ नये, हे योग्यच. पण त्या जागी समन्वयाची जी यंत्रणा उभी राहायला हवी होती, ती दीर्घकाळ राहिली नाही. आकाशाचा नियम एका कार्यालयात आणि इमारतीची परवानगी दुसऱ्या, अशी स्थिती झाली.

१५/
कुंपणाच्या आतही तेच घडत होते. विमानतळाची जमीन केंद्राची. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले आणि १९९५ मध्ये आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण. विमानतळाला मजूर, हमाल, सफाई कामगार, चालक लागत होते. त्यांच्या निवाऱ्याची तरतूद कोणत्याही आराखड्यात नव्हती. मग ते धावपट्टीच्या कडेच्या रिकाम्या, दलदलीच्या जागेत राहू लागले. कॅथरीन बू यांच्या २०१२ मधील गाजलेल्या पुस्तकातील अण्णावाडी ही सहारजवळची वस्ती अशीच वसली : १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनी काम संपल्यावर तिथली दलदल स्वतःच्या हातांनी भरून काढली आणि तिथेच घरे केली.

१६/
राज्याने १९७१ मध्ये झोपडपट्टी कायदा केला, १९९५ च्या अखेरीस पुनर्वसन प्राधिकरण स्थापन केले. परंतु केंद्राच्या जमिनीवर राज्याची योजना केंद्राच्या संमतीखेरीज लागू होत नसे. त्यामुळे विमानतळाच्या जमिनीवरील कुटुंबांना मतदार यादीत स्थान मिळाले, काहींना नळ आणि वीजही मिळाली. पण घरावरचा हक्क मिळाला नाही. नवे शतक उजाडेपर्यंत सुमारे २७५ एकर जमिनीवर अंदाजे ८०,००० कुटुंबे राहत होती. एका मध्यम आकाराच्या शहराएवढी ही लोकसंख्या विमानतळाच्या सातबाऱ्यावर कुठेच नव्हती.

१७/
विस्ताराचा भार नदीनेही वाहिला. विमानतळ वाढत गेला तसा मिठीचा प्रवाह वळवण्यात आला. नदी धावपट्टीखालून बंदिस्त मार्गाने जाते आणि त्याच्या आसपास तिला काटकोनासारखी वळणे घ्यावी लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, कलिना आणि विमानतळालगतच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, धावपट्टीही बुडाली. त्या प्रलयाची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे समितीने मिठीच्या अरुंद झालेल्या पात्राबरोबर विमानतळाजवळच्या या वळणांवरही बोट ठेवले. जुहूच्या चिखलाने पाऊणशे वर्षांपूर्वी दिलेला धडा सांताक्रूझने असा पुन्हा गिरवला.

१८/
२००६ मध्ये विमानतळ खासगी भागीदारीत चालवण्यास दिला गेला. नव्या टर्मिनलसाठी आणि विमाने उभी करण्यासाठी जागा हवी होती, आणि जागा वस्त्यांखाली होती. २००७ मध्ये एका बांधकाम कंपनीला पुनर्वसनाचे काम सोपवण्यात आले : कंपनीने कुटुंबांना इतरत्र घरे बांधून द्यायची आणि मोबदल्यात विकासाचे हक्क घ्यायचे. कुर्ल्यात हजारो घरे बांधलीही गेली. पण पात्र कोण, स्थलांतर कुठे आणि रोजगारापासून किती दूर, या प्रश्नांवर गाडे अडले. रहिवाशांची मागणी जागेवरच किंवा जवळच घर मिळावे अशी होती. ज्यांची पोटे विमानतळाच्या भोवतीच भरत होती, त्यांच्यासाठी अंतर हाच खरा निकष होता. २०१३ च्या सुमारास हा करार संपुष्टात आला. बांधून झालेली पुष्कळ घरे रिकामी आणि वस्त्या जागच्या जागी राहिल्या.

१९/
कुंपणाबाहेर, हवेतल्या नियमांनी मात्र आता धार धरली. २०१० मध्ये उंचीच्या मर्यादांची सविस्तर अधिसूचना निघाली; २०१५ मध्ये नवे नियम आले. रंगीत क्षेत्र-नकाशा तयार झाला : कोणत्या रंगाच्या चौकोनात किती उंचीपर्यंत पालिका स्वतः परवानगी देऊ शकते आणि कुठे विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे त्यावरून कळू लागले. पस्तीस-चाळीस वर्षे दोन कार्यालयांत विभागलेली माहिती प्रथमच एका नकाशावर आली. हा नकाशा १९६७ च्या विकास योजनेसोबत असता, तर पुढचे पुष्कळसे वाद उद्भवले नसते.

२०/
जुन्या बांधकामांचा प्रश्न न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळालगतच्या ४८ इमारतींचे मर्यादेवर गेलेले भाग उतरवण्याचा आदेश उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिला. कारवाई महापालिकेने करावी, असा प्रशासनाचा पवित्रा होता. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न १९७२ च्या कायद्यानंतर ५० वर्षांनीही न्यायालयात विचारावा लागत होता. त्या मजल्यांवरच्या कुटुंबांनी घरे घेताना कागद पाहिले होते, बँकांनी कर्जे दिली होती. चूक ज्या टेबलावर झाली तिथून ती उतरून त्यांच्या दारात आली.

२१/
या कथेत कमी चर्चिला जाणारा वर्ग आहे, तो नियम पाळणाऱ्यांचा. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर येथील १९६० आणि ७० च्या दशकांतल्या इमारती मर्यादेतच बांधल्या गेल्या. आता त्या जीर्ण झाल्या. मुंबईत जुनी इमारत नव्याने बांधण्याचे अर्थशास्त्र एकाच गोष्टीवर उभे असते : विकासकाने रहिवाशांना मोफत घरे द्यायची आणि वरचे वाढीव मजले विकून खर्च वसूल करायचा. कागदावर चटईक्षेत्र भरपूर मिळते, पण ते वापरायला वर जागाच नाही. म्हणून विकासक येत नाही आणि इमारत टेकू लावून उभी राहते. न वापरता येणारे हे चटईक्षेत्र दुसरीकडे विकू द्यावे, ही फनेल क्षेत्रातील रहिवाशांची जुनी मागणी आहे. तिच्यामागचा युक्तिवाद साधा आहे : साऱ्या देशाच्या सोयीसाठी आपण आकाश मोकळे ठेवले, तर त्याचा भार साऱ्यांनी वाटून घ्यावा.

२२/
उंचीची मर्यादा सर्व धोके टाळते असेही नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक छोटे किंग एअर विमान घाटकोपर पश्चिमेत, सर्वोदय नगर भागात, बांधकाम चालू असलेल्या एका जागेवर कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी मृत्युमुखी पडले. कामगार दुपारच्या जेवणासाठी बाजूला गेले होते, म्हणून अनर्थ टळला.
इमारत बुटकी ठेवल्याने विमानाची वाट मोकळी राहते. विमान पडले तर खाली कोण असेल, हे ती ठरवत नाही. डूलिटल आयोगाने हवेबरोबर जमीनही मोकळी मागितली होती ती याचसाठी. मुंबईने हवा कशीबशी राखली. जमीन राखण्याची वेळ मात्र १९५० च्या दशकातच निघून गेली होती.

२३/
खाडीपलीकडे नवी मुंबईत क्रम उलट ठेवण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी २०१३ मध्ये, विमानतळ प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, त्याच्या भोवतीच्या सुमारे २७० गावांचे ‘नैना’ हे प्रभावक्षेत्र अधिसूचित करून नियोजन सिडकोकडे देण्यात आले. उलवे टेकडी आड येत होती, ती कापली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. १० गावे हलली. मोबदल्यात विकसित भूखंडाचा वाटा २२.५ टक्के ठरला. हा आकडा दानपत्र नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात पाच जणांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमावले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मान्य झाले आणि त्यावर पुढचा वाटा उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला उड्डाणे सुरू झाली.

२४/
तिथेही सर्व सुरळीत आहे असे नाही. वळवलेली नदी, भरलेली खाजणे आणि ‘नैना’तील शेतकऱ्यांच्या तक्रारी हे प्रश्न उभेच आहेत. परंतु एक फरक लक्षणीय आहे. तिथे नियम वस्तीच्या आधी आला, म्हणून वाटाघाट करायला जमीन शिल्लक होती आणि शेतकऱ्याला तिचा हिस्सा मागता आला. सांताक्रूझला नियम वस्तीनंतर आला. तेव्हा वाटून घ्यायला उरले होते ते केवळ नुकसान, आणि ते धावपट्टीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला आले. कोणी झोपडीत राहत होता, कोणी सोसायटीत, एवढाच भेद.

२५/
२०१८ मध्ये सांताक्रूझने मुख्यतः एका वेळी एकच धावपट्टी वापरून दिवसाला १,००० हून अधिक उड्डाणे हाताळली. जगातील मोजक्या विमानतळांना असे साधले आहे. त्या कर्तृत्वाचा एक हिस्सा चार-पाच मजल्यांवर थांबलेल्या इमारतींचाही आहे.
कोटाची तटबंदी पडली तेव्हा तिने शहराला मैदाने दिली. सांताक्रूझचा विमानतळ उद्या हलला, तर हवेतली ही तटबंदी एका अधिसूचनेने नाहीशी होईल आणि तिच्याखाली मोकळी जमीन नसेल. असतील त्या पन्नास-साठ वर्षांच्या टेकू लावलेल्या इमारती, आणि वर जाण्याची परवानगी येण्याआधीच निवृत्त झालेली माणसे.